हौसाला आत घ्या

आमच्या वहिनी गाणं सांगायच्या. म्हणायच्या नाहीत. आवाज फाटका होता आणि सुराशी त्यांचं जन्मात कधी जमलं नाही. आरतीतसुद्धा त्या टाळ्या वाजवत नुसते ओठ हलवायच्या. पण एखाद्या गाण्याचा विषय निघाला, की तव्यावरची भाकरी सांभाळत ते गाणं त्या पलीकडच्या गल्लीतली बातमी सांगावी तसं सांगत सुटायच्या. कोण बाई, कुठली, घरात किती माणसं, नवरा काय करतो, तिच्यावर ही वेळ का आली. ऐकणारा मी एकटा असायचो, अकरावी-बारावीतला, पुढ्यात ताट घेऊन बसलेला. त्या वयात जी गाणी डोक्यात बसतात ती मरेपर्यंत निघत नाहीत म्हणतात. माझ्या डोक्यात ती चालीशिवाय बसली, भाकरीबरोबर. चाल कशी आहे असं विचारलं, तर वहिनी म्हणायच्या, "चाल मला येत न्हाय भावजी, पर बाई मला म्हाईत हाय."

आता कुणी म्हणेल, घरात रेडिओ नव्हता का? होता की. शुक्रवार पेठेतल्या आमच्या दोन खोल्यांत, बाहेरच्या खोलीत, फळीवर, दोन पोपट विणलेल्या रुमालाखाली झाकून ठेवलेला होता. आमचे आप्पा शाळामास्तर. सकाळ-संध्याकाळ बाहेरच्या खोलीत त्यांच्या शिकवण्या चालायच्या, आणि शिकवण्या नसल्या की पेपर तपासणं. तो रुमाल उचलला जायचा फक्त बातम्यांना, आणि कुठं मोठी कुस्ती असली तर तिचं वर्णन ऐकायला. बातम्या संपून गाणी लागायच्या आत आप्पा पोराचा कान पिळावा तसं बटण पिळायचे. गाणी ऐकून पोरं वाया जातात अशी त्यांची खात्री होती. माझ्या बाबतीत ते अगदीच चुकले असं नाही. मी पुढं कादंबरी लिहायला बसलो.

आई मी लहान असतानाच गेली. बारा-तेरा वर्षं आप्पांच्या हातचं जळकं-कच्चं खाऊन आम्ही दोघं भाऊ वाढलो, आणि दादाचं लग्न झालं तेव्हा घरात सगळ्यात जास्त आनंद मला झाला, कारण भाकरी गोल येणार होती. वहिनी कोडोलीच्या. त्यांच्या वडलांचं तिथं स्टँडजवळ चहा-भज्याचं हॉटेल होतं, आणि त्या हॉटेलात गिऱ्हाइकांच्या डोक्यावर टांगलेला रेडिओ दिवस उगवल्यापासून दिवेलागणीपर्यंत बोंबलत असायचा. वहिनी लग्न होईपर्यंत त्या हॉटेलाच्या मागच्या बाजूला कपबश्या विसळत आणि भजी तळत होत्या. आमच्याकडं आल्यावर पहिले काही दिवस त्या गप्प होत्या. मग एकदा मला वाढता वाढता त्यांनी हळूच विचारलं, "त्यो रेडिओ बिघडलाय व्हय?" मी म्हटलं, बिघडलेला नाही, आप्पांचा आहे. त्यांनी जरा विचार केला, भाकरी उलटली आणि म्हणाल्या, "मग मी सांगतो." आमच्याकडच्या बायका स्वतःला मी जातो, मी येतोच म्हणतात, त्यात काही विशेष नाही. विशेष ते पुढं सुरू झालं.

पहिलं गाणं हौसाचं. ते गाणं एके काळी सगळ्यांनी ऐकलेलं आहे, लग्नाच्या मांडवात आणि जत्रेच्या पाळण्यापाशी वाजलेलं आहे. नाव सांगत नाही, कारण वहिनींनीही कधी सांगितलं नाही. त्यांच्या लेखी ते हौसाचं गाणं. हौसाचा माणूस गुळाची गाडी घेऊन बाजाराला गेलाय. दिवस मावळायच्या आत येतो म्हणाला. दिवस मावळला, गुरं आली, शेजारच्या घरातली जेवणं झाली, ह्याचा पत्ता नाही. हौसा हातात दिवा घेऊन दारात उभी आहे. म्हैस नुकतीच व्यालीय, त्याच्यासाठी खरवस करून ठेवलाय. सासूचे गुडघे धरलेत, ती आतून ओरडतेय की येईल गं, दार लाव, वारं येतंय. हौसा काही दार लावत नाही. मी घास हातात धरून विचारलं, "मग आला का?" वहिनींनी भाकरी तव्यावरून काढली, आरावर धरली, टम्म फुगवली, माझ्या ताटात टाकली आणि मग सांगितलं, "अजून कुठला? हुबीच हाय ती."

दुसऱ्या दिवशी मी परत तेच गाणं सांगायला लावलं. आणि तिथं मला कळलं की ह्या गाण्याचं काही खरं नाही, ते रोज बदलतं. त्या दिवशी सकाळी आमच्या गवळ्यानं दुधात पाणी घातलं होतं, तर हौसाच्या म्हशीचं दूधही पातळ निघालं. आप्पा आमटीला मीठ कमी म्हणाले, तर हौसाला एक सासरा उत्पन्न झाला आणि तो ताटावरून उठून गेला. माझे सहामाहीला गुण कमी आले त्या आठवड्यात हौसाचा दीरसुद्धा नापास झाला, आणि तो का नापास झाला याची वहिनींनी जी कारणं दिली ती ऐकून मला जेवण गोड लागेना. बदलायचं नाही ते एवढंच की हौसा दारात उभी असायची. मला त्या बाईची काळजी लागून राहिली. एकदा मी वैतागून म्हटलं, एक तर त्याला आणा नाही तर गाडीखाली घाला, पण काय ते एकदा होऊ द्या. वहिनी म्हणाल्या, ते त्यांच्या हातात नाही, गाणं तिथंच सरतं.

सगळीच गाणी त्यांना पसंत होती असं समजू नका. चांदण्यात हिंडणाऱ्या जोडप्यांची गाणी त्या दोन वाक्यांत उरकायच्या. असल्या लोकांच्या घरी धुणं कोण धुतं हा त्यांचा पहिला प्रश्न असायचा. जी बाई स्वतःच्या डोळ्यांचं नि केसांचं कौतुक स्वतःच गाते तिला कामधंदा नाही. माहेरची आठवण काढून रडणारीला त्यांनी सरळ विचारलं, की मग बस पकडून जाईनास का? आणि एका गाण्यातल्या परदेशी गेलेल्या राजकुमाराबद्दल त्यांचं मत असं होतं, की त्याचं तिकडं लग्न झालेलं असणार आणि हे त्याच्या आईलाही माहीत असणार. मी हसून हसून ठसका लागेपर्यंत ऐकायचो. पण हौसाला त्या कधी हसल्या नाहीत. हौसाबद्दल बोलताना त्यांचा हात जरा हळू चालायचा आणि भाकरीला एखादा डाग पडायचा.

हे सगळं चालायचं ते दादा घरी नसताना. दादा ट्रकवर होता. गूळ घेऊन हुबळीकडं, कधी गोव्याला, कधी पार मंगळूरकडं जायचा. गेला की आठ-आठ, दहा-दहा दिवस गेला. आला की आंघोळ करायचा, जेवायचा आणि झोपायचा. उठला की गाडीचं काम काढायचा. वहिनींसाठी काजू आणायचा, बांगड्या आणायचा, एकदा कुठून तरी शंखांची माळ आणली होती. ते सगळं फळीवर ठेवून म्हणायचा, तिथं ठेवलंय बघ. बायकोशी त्याचं बोलणं म्हणजे एवढं. तो ताटावर असला की वहिनीही गप वाढायच्या. दमून आलेल्या माणसापुढं कसली गाणी सांगायची, असं त्यांनी मला एकदा सांगितलं होतं. मी अर्थातच काय समजायचं ते समजून बसलो. नवरा लांब गेलाय, बायको घरी आहे, आणि गाण्यातली बाई दारात दिवा घेऊन उभी आहे. अठरा वर्षांच्या पोराला ह्याहून काय पाहिजे? हौसा म्हणजे वहिनी, हे मी मनाशी ठरवून टाकलं आणि वहिनींबद्दल मला फार वाईट वाटायला लागलं.

पुढं मला बँकेत नोकरी लागली, लग्न झालं, मी राजारामपुरीत वेगळा संसार मांडला. आप्पा गेले. दादानं ट्रक सोडला आणि तो घरी बसला. आप्पांच्या जागी, बाहेरच्या खोलीत, टीव्हीसमोर. त्या दिवसापासून वहिनींची गाणी बंद. मी गेलो की चहा व्हायचा, पोराबाळांची चौकशी व्हायची, पण स्वयंपाकघराचं दार बाहेरच्या खोलीत उघडायचं आणि दादा तिथं बसलेला असायचा. एक-दोनदा मी मुद्दाम विषय काढून बघितला. वहिनी म्हणाल्या, आता कुठली गाणी, समदं इसारलो.

माझं लिहिणं तोवर चालू झालं होतं. दोन कथासंग्रह निघाले. त्यांच्या प्रती अजून माझ्याच माळ्यावर आहेत, कुणाला पाहिजे असल्या तर सांगा. पन्नाशी ओलांडल्यावर कादंबरी लिहायची सुरसुरी आली. आयुष्य बँकेत गेलेलं, म्हणून ती बँकेवर लिहायची असं ठरवलं. पहिल्या प्रकरणात साहेब केबिनमध्ये येऊन बसले आणि काही केल्या उठेनात. त्यांना काय बोलायला लावावं ते मला सुचेना आणि ते माझ्याकडं बघत राहिले. एके सकाळी मी असाच कागद पुढं घेऊन बसलो होतो, आत बायको भाकरी थापत होती. तो आवाज कानावर पडला आणि माझ्या कागदावर हौसा उभी राहिली. दिव्यासकट. मी लिहीत गेलो. बघता बघता साहेब कादंबरीतून गेले, केबिन गेली, अख्खी बँक गेली.

त्यानंतर मला काही ठरवावं लागलं नाही. एकेक प्रकरण म्हणजे वहिनींचं एकेक गाणं. चांदण्यात हिंडणारी ती हौसाची जाऊ झाली. स्वतःच्या केसांचं कौतुक करणारी समोरच्या घरात राहायला आली. माहेरासाठी रडणारीला मी खरोखरच बसमध्ये बसवून दिली. आणि गंमत अशी, की वहिनी जिथं भाकरी उलटायला थांबायच्या, तिथं माझं वाक्य आपोआप थांबायला लागलं. पुण्याच्या प्रकाशकांनी पहिला खर्डा वाचून कळवलं, की तुमचा मजकूर ऐन रंगात आला की तुम्ही मध्येच विषय सोडता, हे तंत्र चांगलं आहे. मी त्यांना काय सांगणार? सोडला नसता तर करपली असती.

मध्ये एकदा मला वाटलं, मूळ गाणी एकदा नीट ऐकून घ्यावीत. कादंबरीकार म्हटल्यावर जरा अभ्यास पाहिजे. वहिनींच्या सांगण्यात आलेल्या एकेका ओळीवरून मुलीनं फोनवर ती सगळी शोधून भरून दिली. संध्याकाळी आम्ही हौसाचं गाणं लावलं. हाय का आता! धाडधाड ढोलकी, घुंगरं, आणि गाणारी बाई एवढ्या झपाट्यात गातेय की तिला वाट बघायला सवडच नाही. हौसा नाही. म्हैस नाही, खरवस नाही, सासूचे गुडघे नाहीत. दिव्याचा एक उल्लेख आहे, तोही धावता. माझी बायको म्हणाली, ह्यावर तर आमच्या कॉलेजात गॅदरिंगला नाच बसवला होता. मांडवात ते मीही ऐकलं होतं, पण हौसाचं गाणं ते हेच, हे मला कधी कळलं नव्हतं; मी फोन बंद केला. ज्या गाण्यावर मी अर्धी कादंबरी उभी केली ते गाणं जगात कुठं नव्हतंच.

रविवारी मी वहिनींकडं गेलो. दादा बाहेर टीव्हीवर कुस्ती बघत होता. मी आत जाऊन पाटावर बसलो आणि हळू आवाजात गाऱ्हाणं घातलं, की तुम्ही मला फसवलंत, त्या गाण्यात हौसा नाही. वहिनी तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. मग त्यांनी सांगितलं. कोडोलीच्या हॉटेलात पुढं गिऱ्हाईक, मागं त्या, आणि मध्ये भला मोठा स्टो. स्टोला पंप मारला की भर्र आवाजात रेडिओ बुडायचा. चहा उकळला, स्टो बारीक केला, की गाणं परत वर यायचं. एखादी ओळ कानावर पडायची, मग परत भर्र. "मधलं मलाच बसवायला लागायचं की," वहिनी म्हणाल्या. "दिवा लावलाय म्हटल्यावर दारात कुणीतरी लागतंय. म्हणून हौसाला आणली."

म्हणजे हौसा त्यांचीच होती, अगदी मुळापासून. मला एवढा आनंद झाला की मी पिशवीतून शेवटचं प्रकरण काढलं आणि तिथंच वाचायला बसलो. वहिनींना मोतीबिंदूनं नीट दिसत नव्हतं, त्यामुळं वाचून दाखवायला निमित्त होतं. त्या मेथी निवडत ऐकत होत्या. खोटं कशाला बोलू, ते प्रकरण मला फार आवडलेलं होतं. रात्र सरत आलीय, दिव्यातलं तेल संपत आलंय, पूर्वेला फटफटतंय, आणि हौसा उभी आहे. तिथं कादंबरी संपते. मी वाचून झाल्यावर जरा थांबलो, की आता ह्यांचे डोळे भरून येतील.

"आन् ती?" वहिनींनी विचारलं.

मी म्हटलं, ती उभी आहे.

वहिनींनी मेथीची जुडी खाली ठेवली. "चाळीस वर्सं झाली भावजी. किती येळ हुबी करताय तिला? पाय दुखत न्हाईत व्हय बाईचे?"

मी त्यांना समजावायला गेलो. वाट बघणं हाच त्या कादंबरीचा प्राण आहे वगैरे वगैरे. शिवाय गाणं तिथंच संपतं असं तुम्हीच सांगायच्यात, असंही सुनावलं. वहिनी एरवी माझ्याशी आवाज चढवून बोलत नसत. त्या दिवशी बोलल्या. "गाणं सरतंय. तिला कुणी सांगितलंय तिथं थांबायला? मला म्होरचं बसवाय आलं न्हाय, म्हणून ती हुबी ऱ्हायली. तुमाला येतंय की. हौसाला आत घ्या. जेवू घाला तिला. मग तुमच्या पुस्तकाचं काय व्हायचं त्ये होऊंद्या."

मी बाहेरच्या खोलीकडं एकदा बघून घेतलं आणि इतकी वर्षं मनात असलेलं विचारलं, की हौसा म्हणजे तुम्हीच ना. वहिनी पुन्हा हसल्या, ह्या वेळी मोठ्यानं. म्हणाल्या, "मी कशाला वाट बघतो? तुमचा दादा गेला की चार भाकऱ्या कमी थापायच्या, आन् तोंडाला कुलूप न्हाय. मला बरं वाटायचं की." मग मेथी परत हातात घेऊन, माझ्याकडं न बघता, "माणूस वाईट न्हाय. पर आला की झोपायचा, उठला की जायाचा. त्येच्यासंगं बोलायचं कवा? आन् आता घरात बसलाय तर बोलायचं काय, ते दोघांस्नीबी ठावं न्हाय." बाहेर कुस्ती निकाली झाली असावी, टीव्हीवर आरडाओरडा चालला होता. मी चहा पिऊन निघालो. बघतो, एवढं म्हणालो.

बघतो म्हणणारा माणूस काही करत नसतो हे वहिनींना चांगलं ठाऊक होतं. तेव्हापासून मी गेलो की पाण्याचा तांब्या हातात देण्याआधी त्या विचारायच्या, "घेतली का आत?" मी म्हणायचो, चाललंय. चाललेलं काही नव्हतं. एकदा मी मनापासून बसून बघितलं, पण हौसाला आत घेतली की मागं सगळं प्रकरण मोकळं पडायचं. ती आत जाऊन करणार काय? नुसतं दार लावलं तर ती हरल्यासारखी दिसायची. नवऱ्याला आणला तर ती सरळ गोडगोड गोष्ट व्हायची. तिकडून प्रकाशक म्हणत होते, शेवटाला हात लावू नका, ती दारातली हौसा म्हणजे कळस आहे. कळस म्हटल्यावर मलाही बरं वाटत होतं. वहिनी मात्र विचारायच्या थांबल्या नाहीत.

थंडीच्या दिवसांत वहिनी आजारी पडल्या. ताप होता, मग छातीत कफ झाला, दवाखान्यात ठेवलं. मी भेटायला गेलो तेव्हा शेजारच्या खाटेवरच्या बाईची सगळी हकिकत त्यांनी मला दम खात खात सांगितली. गडमुडशिंगीची आहे, दोन सुना आहेत, धाकटी डबा आणते आणि थोरली नुसतीच येते. ऐकताना मला हसू आलं, जुने दिवस आठवले. निघताना जिन्यात आल्यावर लक्षात आलं, की आज त्यांनी हौसाचं विचारलं नाही. तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली. त्याच आठवड्यात त्या गेल्या. आई गेली तेव्हा मी एवढा लहान होतो की मला तिचं जाणं आठवत नाही. आईचं जाणं म्हणजे काय ते मला वहिनी गेल्या तेव्हा कळलं, आणि साठीला आलेला माणूस असून मी स्वयंपाकघरात जाऊन, थंड चुलीसमोर, शेजारच्या बायका बघत असताना रडलो.

तर आता कादंबरीचा जो शेवट छापून आलाय, तो कुठं लिहिला ते सांगतो. टेबलावर लिहिलेला नाही. तो नृसिंहवाडीच्या रस्त्यावर, गाडी चालवता चालवता झाला.

वहिनी पौर्णिमेला वाडीला दत्ताला जायच्या. दिवस झाल्यावर दादा म्हणाला, तिची पौर्णिमा चुकायला नको, मला घेऊन चल. जन्मभर ट्रक चालवलेल्या माणसाला शेजारी बसवून गाडी चालवणं ही शिक्षा आहे. उसाची ट्रॉली पुढं आली की तो रिकाम्या जागी ब्रेक दाबायचा. हातकणंगले मागं पडलं. फोन गाडीला जोडलेला होता आणि मुलीनं भरलेली ती गाणी आपोआप एकामागं एक सुरू झाली होती. ढोलकी वाजली, हौसाचं गाणं लागलं. सुतक नुकतंच फिटलेलं, असलं नाचाचं गाणं बरं दिसत नाही म्हणून मी बंद करायला हात पुढं केला. दादानं माझा हात धरला. "असू दे," म्हणाला.

आणि तो गुणगुणायला लागला. माझा भाऊ, ज्याच्या तोंडून मी जन्मात गाण्याची ओळ ऐकली नव्हती, तो त्या बाईच्या बरोबरीनं, एकही जागा न सोडता, पक्क्या सुरात गुणगुणत होता. मी गाडी हळू केली. गाणं संपल्यावर विचारलं, तुला हे कसं येतं? म्हणाला, ट्रकात टेप होता की. रात्रभर जागायचं म्हणजे दुसरं काय करणार? हे गाणं तो घाटात लावायचा, झोप येऊ नये म्हणून. त्याच्याकडं गाण्यांच्या कॅसेटची पेटी भरलेली होती. घरी आप्पा, म्हणून ती पेटी सीटखालीच असायची. मी म्हटलं, वहिनी मला हे गाणं सांगायच्या.

"सांगायची म्हंजे?"

मी सांगितलं, कशा सांगायच्या ते. भाकरी करताना, तू नसताना, वर्षानुवर्षं. ट्रॉली आली तरी दादानं ब्रेक दाबला नाही.

"तिला गाणी आवडायची व्हय?" तो म्हणाला. "मला वाटलं न्हाय आवडत. मी घरात आलो की गप असायची. दमल्याली असंल म्हणून मीबी गप बसायचो." मग समोर बघतच, "ह्ये कसं सांगायची? सांग की बारक्या."

मी रस्त्यावर नजर ठेवून सांगायला सुरुवात केली. गुळाची गाडी आली, व्यालेली म्हैस आली, खरवस आला, सासूचे गुडघे आले. वळण आलं की मी थांबत होतो, आणि वळण गेलं की पुढं सांगत होतो. दादा पोरासारखा ऐकत होता. हौसा दिवा घेऊन दारात आली तिथपर्यंत मी पोचलो आणि पुढं माझ्याकडं काही नव्हतं.

"मग?" दादा म्हणाला. "आला का त्यो?"

हाच प्रश्न मी वहिनींना ताटावर बसून विचारत आलो होतो. त्यांचं उत्तर मला पाठ होतं. पण ते उत्तर ह्या माणसाला देणं शक्य नव्हतं, आणि वहिनींनीही ते मला देऊ दिलं नसतं.

"आला," मी म्हटलं. "पण फार उशिरा आला. तोवर हौसा आत गेली होती. पोटभर जेवली, खरवस खाल्ला, दिवा घालवला आणि झोपली."

"आन् दार?"

"नुसतं लोटलं होतं. कडी घातली नव्हती."

"मग त्यानं काय केलं?"

"त्याचं ताट झाकून ठेवलं होतं. हातपाय धुतले, जेवला."

दादानं चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकानं पुसला आणि परत लावला. शिरोळच्या अलीकडं रस्ता खराब आहे, मी सावकाश चाललो होतो.

"उठवलं न्हाय न्हवं तिला?" त्यानं विचारलं.

"नाही. झोपू दिलं."

"बरं केलं," दादा म्हणाला. मग त्यानं खिडकीकडं तोंड फिरवलं आणि वाडी येईपर्यंत तीच चाल हळूहळू गुणगुणत राहिला.